होस्टेलचं वायरिंग : साइटवरच्या नोंदी, मार्च ते मे 2025

3 मार्च, सोमवार

काम हातात घेतलं. मिशनच्या काळातलं मुलींचं होस्टेल, नाव लिहीत नाही कारण ट्रस्टवाल्यांना ते आवडणार नाही. पुढची जुनी इमारत घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली, वर सागवानी लाकूडकाम आणि मंगलोरी कौलं, आणि मागं नंतर कधीतरी जोडलेली स्लॅबची विंग. दोन्हीकडचं वायरिंग बदलायचंय. गाव नगर. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, बिलावर तेच टाकणार, पण तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही.

आज नुसतं फिरून बघितलं. जुन्या भागात लाकडी पट्टीवरून गेलेली रबराची वायर आहे, बोट लावलं की इन्सुलेशनचा भुगा हातात येतो. किटकॅट फ्यूजमध्ये कुणीतरी साधी जाड तांब्याची तार पिळून बसवलीय म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा, वर झाकण व्यवस्थित, बाहेरून बघणाऱ्याला सगळं झकास. अर्थिंगची वायर मीटरपासून निघते, भिंतीतून बाहेर जाते आणि मातीत घुसते, पुढं आत काय आहे ते खणल्यावरच कळेल.

ही वही कशाला, तर परवा राखेचा बुधवार आहे आणि पाळकसाहेब म्हणाले लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, प्रत्येकाने काहीतरी नेम धरा. दिवसभर शिडीवर असणाऱ्या माणसाने उपास करून चक्कर येऊन पडायचं का. म्हणून नेम असा धरला की या कामात जे जे भिंतीत बुजणार आहे, जे प्लास्टर झाल्यावर कुणाला दिसणार नाही, ते काय केलं ते लिहून ठेवायचं.

5 मार्च, बुधवार

संध्याकाळी भक्तीला गेलो होतो. आपल्याकडं घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं ते बायबलमधलं वचन, प्रेषित पौलाच्या पत्रातलं, कलस्सैकरांस 3:23, जे काही करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. कॅलेंडरवाले त्याच्या आधीची ओळ कधी छापत नाहीत. ती ओळ दासांना उद्देशून आहे. पौल हे कुणा मॅनेजरला, दुकानदाराला सांगत नाहीये, ज्याला पगार नाही, रजा नाही, नोकरी सोडायची सोय नाही अशा माणसाला सांगतोय. आणि तिथंच म्हणतो की तोंडदेखली चाकरी करू नका.

मला या वचनाचा बरीच वर्षं राग होता, खरं सांगतो. कारण हे ऐकवतात ते नेहमी मालक लोक. पोरगा रात्री नऊपर्यंत राबला तरी ओव्हरटाइम द्यायचा नाही आणि वर जिवेभावे करा. पण आज बसल्या बसल्या वाटलं की गुलामाला हे सांगणं म्हणजे त्याच्या कामावरचा मालकाचा डोळाच काढून घेणं आहे. मालक बघतोय म्हणून करू नको, तो बघत नाही म्हणून टाळू नको, तुझं काम त्याच्या नजरेच्या पलीकडं गेलं. आणि चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत धन्यांना सांगितलंय की न्यायाने वागा, तुमच्याही डोक्यावर धनी आहे. ते वचन मात्र मी कुणाच्या ऑफिसात टांगलेलं अजून पाहिलं नाही.

10 मार्च, सोमवार

मटेरियल. वायर लाइटला दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझरला चार. दुकानदार ओळखीचा, म्हणाला साहेब ही दुसरी घ्या, दिसायला सेम, बंडलमागं बरेच सुटतात, भिंतीत कोण बघतंय. बंडल हातात घेतला तर वजनालाच हलका. 90 मीटर लिहिलेलं, पण तांबं कमी घातलंय हे हाताला कळतं. आयएसआयवालीच घेतली.

खजिनदार काकांबरोबर आरसीसीबीवरून तासभर गेला. कोटेशनमधली ती ओळ काढा म्हणाले, एमसीबी आहे ना, मग हे वेगळं महागाचं कशाला. एमसीबी वायर वाचवतो, जास्त करंट गेला की पडतो, माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही कारण माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या हिशोबात चिल्लर आहे. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का ते बघतो, 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. हे सगळं सांगून झालं, काका गप्पच. मग वॉर्डन मावशींना विचारलं की मुली हिवाळ्यात अंघोळीचं पाणी कसं तापवतात हो. मावशी आधी माझ्याकडं बघेनात, मग म्हणाल्या बंदी आहे पण बादलीत रॉड टाकतात, काय करणार, बंबावर नंबर लागत नाही. काकांनी सही केली. प्रत्येक विंगला वेगळा आरसीसीबी.

14 मार्च, शुक्रवार

धुळवड. सुट्टी.

18 मार्च, मंगळवार

दहावीचा शेवटचा पेपर काल झाला, आता मागच्या विंगच्या खोल्या मिळाल्या. तोवर ऑफिस आणि स्वयंपाकघर उरकून घेतलं होतं.

या विंगमध्ये पाइप आधीपासून भिंतीत आहेत, नुसती जुनी वायर ओढून नवी टाकायची असा अंदाज होता. तिसऱ्या खोलीत वायर ओढेना. स्प्रिंग घातली तर मध्येच अडकते. हेल्पर म्हणाला जोर लावू का, म्हटलं थांब. टोकून बघितलं, छन्नीने प्लास्टर उघडलं, पाइप कापला आणि आत बघतो तर पाइपच्या पोटात जॉइंट. दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, त्यावर टेप, आणि तो टेप उन्हाळ्या-हिवाळ्याने वितळून काळा डिंक झालेला, त्यात तांबं हिरवं पडलेलं. बाजूला पाइप आतून तपकिरी, म्हणजे तिथं तापत होतं. ही भिंत ज्या बाजूला आहे तिथं मुलीची कॉट आहे, उशी त्याच उंचीला.

पाइपमध्ये जॉइंट मारायचा नाही हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. जॉइंट फक्त बॉक्समध्ये, जिथं उघडून बघता येतं. ज्याने केलं त्यालाही माहीत असणार. वायर कमी पडली असेल, संध्याकाळ झाली असेल, दुकान लांब, आणि मारला पीळ. नाव काही कुठं कोरलेलं नाही. आमच्या धंद्यात याला पाट्या टाकणं म्हणतात आणि पाट्या टाकणारा माणूस वाईटच असतो असं नाही, तो फक्त बघणाऱ्याच्या हिशोबाने काम करतो आणि भिंतीत बघणारं कुणी नसतं.

हेल्परला म्हटलं सगळ्या खोल्यांत एक एक पाइप तपासायचा. त्याने तोंड वाकडं केलं, पण केलं. अजून सापडले.

23 मार्च, रविवार

काम नाही. काकांचं म्हणणं की मुली सुट्टीला जायच्या आत रविवारी पण केलं तर लवकर होईल. नाही म्हटलं. सहा दिवस काम कर, ही पण आज्ञाच आहे, आणि सातवा दिवस सोड हीही. मन लावून करायचं म्हणजे सुट्टी न घेता करायचं असं जे लोक समजतात त्यांनी रविवारी संध्याकाळी माझे गुडघे बघावेत.

उपासनेत आज निर्गम 31 वाचलं. बसालेल. देवाचा आत्मा एखाद्यात भरला हे बायबलमध्ये इतक्या सरळ शब्दांत सांगितलेला हा जवळजवळ पहिलाच माणूस, आणि तो संदेष्टा नाही, राजा नाही, कारागीर. सोनं, रुपं, पितळ, रत्नं बसवणं, लाकूड कोरणं. सोबतीला अहलियाब. पाळकसाहेबांनी पुढं नेऊन ते दानधर्मावर आणलं, पण मी बसालेलपाशीच अडकलो होतो.

31 मार्च, सोमवार

काल पाडवा, आज ईद. हेल्परला दोन दिवस घरी सोडलं, तो गावाकडं गेला. मी दुपारी येऊन डीबीतले, म्हणजे ब्रेकर बसवतात त्या बॉक्समधले, वायरींच्या टोकाचे लग दाबून घेतले, एकट्याने निवांत करण्यासारखं काम आहे.

फॅमिली ग्रुपवर आज एक फॉरवर्ड आला, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणे म्हणाला की ख्रिस्ती चांभार चपलेवर क्रूस काढून नाही तर चांगली चप्पल शिवून देवाची सेवा करतो. छान आहे, पण हे वाक्य त्याच्या लिखाणात कुणाला सापडलेलं नाही. जे सापडतं ते मला जास्त आवडतं. 1522 मध्ये लग्नाबद्दल लिहिताना तो म्हणतो की बाप बाळाचे लंगोट धुतो तेव्हा लोक त्याला बायल्या म्हणून हसतात, पण देव आणि देवदूतही हसतात, कौतुकाने. हे ग्रुपवर टाकलं. पुरुष मंडळींकडून एकही अंगठा आला नाही, मामीने तीन टाकले.

5 एप्रिल, शनिवार

आज पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन, 5 एप्रिल 1922. मंडळीत उद्या आठवण करतील. मावशी लहानपणी काही काळ केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये होत्या (दौंडजवळचं केडगाव, आमचं नगरचं नव्हे, दरवेळी सांगावं लागतं), त्यामुळं चहाच्या वेळी तोच विषय निघाला.

रमाबाईंचं बायबलचं भाषांतर सगळ्यांना ऐकून माहीत असतं. हिब्रू, ग्रीक शिकून मूळ भाषेतून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात गेली. मला कायम त्या छापखान्याचं वाटतं. ते बायबल मुक्तीतल्याच छापखान्यात छापलं आणि तिथं काम करणाऱ्या होत्या तिथल्याच बायका आणि मुली, कुणी दुष्काळातून आलेली, कुणी बालविधवा. बाईंनी आधी त्यांना वाचायला शिकवलं आणि मग त्यांच्या हातात शिशाचे खिळे दिले. खिळे जुळवायचे म्हणजे अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी, काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरांचे खिळे वेगळ्या घरात. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. पूर्ण बायबल 1924 ला आलं, रमाबाई तेव्हा नव्हत्या.

त्या बायकांची नावं कुठं छापलेली नाहीत. रमाबाईंवर पुस्तकं आहेत, पोस्टाचं तिकीट आहे, आणि असायलाच पाहिजे. पण एखादी बाई दुपारी डोळे मिचकावत एका रकान्यातला चुकीचा रफार काढून बरोबर बसवत असेल, ती जगापुढं कधी येणार नाही हे तिला पक्कं माहीत असेल, आणि तरी तिने तो बदलला. मला वाटतं कलस्सैकरांसचं ते वचन तिथं जेवढं खरं झालं तेवढं आमच्या कन्व्हेन्शनच्या मंडपात होत नाही. मावशी म्हणाल्या, तू फार बोलतोस, चहा गार झाला.

10 एप्रिल, गुरुवार

जुनी इमारत. दगडी भिंतीत झिरी मारायची नाही असं ठरलं, एक तर दगड आणि त्यात चुना सुटायला लागला तर थांबत नाही. वरून केसिंग कॅपिंग. काका म्हणाले पट्ट्या दिसतील, शोभा जाईल. दिसू दे की. दिसेल ते दुरुस्त करता येईल.

माळ्यावर कौलाखाली पाइप टाकतोय, दुपारी बारा ते चार वर जाता येत नाही, कौल डोक्याला लागलं तर चटका बसतो. सकाळी सहाला सुरू, अकराला खाली. उंदराच्या लेंड्या, जुनी घरटी, आणि सागाच्या तुळया अशा की एकही भेग नाही. एका तुळईच्या वरच्या अंगाला, जी बाजू खालून जन्मात दिसणार नाही, सुताराने रंधा मारून साफ केलेली. हात फिरवून बघितला. हेल्परलाही फिरवायला लावला.

16 एप्रिल, बुधवार

मागची विंग चालू केली आणि आरसीसीबी पडला. उचलला, परत पडला. सगळे लाइट बंद करून उचलला तर राहतो, पॅसेजचा लाइट लावला की पडतो.

असं झालं की बरेच जण काय करतात ते इथं लिहून ठेवतो : आरसीसीबी बायपास करतात. आत दोन वायरी जोडल्या की झालं, बटण वरच राहतं, टेस्टचं बटण दाबून बघणारा गिऱ्हाईक हजारात एक. काकांना तर आनंदच झाला असता, ते मागं उभेच होते, म्हणाले, म्हटलं ना मी, नको होतं ते.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला, 500 व्होल्टवर एकेक सर्किट. इन्सुलेशन सगळं चांगलं, गळती कुठंच नाही. म्हणजे न्यूट्रलचा घोळ. पॅसेजच्या लाइटला फेज मागच्या विंगचा आणि न्यूट्रल पुढच्या इमारतीचा, जुन्या काळी कुणीतरी जवळ होता म्हणून जोडलेला आणि तेवढी एकच जुनी वायर कोपऱ्यातल्या बॉक्समागून तशीच राहिली होती. करंट इकडून जातो आणि परत तिकडून येतो, आरसीसीबीला वाटतं गळाला. तो बिचारा बरोबरच होता. तो न्यूट्रल सोडवून स्वतःच्या सर्किटला आणायला दुपार गेली. संध्याकाळी टेस्ट बटण दाबून दाखवलं, खट. मावशींना सांगितलं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे दाबायचं, न विसरता, नाही पडला तर मला फोन.

18 ते 20 एप्रिल

गुड फ्रायडे ते ईस्टर. साइट बंद. पहाटेच्या उपासनेला माइकची वायर मीच सांभाळली, तेवढं चालतं.

24 एप्रिल, गुरुवार

अर्थिंग खणलं. ती मातीत घुसलेली वायर हातभर खाली जाऊन संपली. टोकाला काही नाही. प्लेट नाही, पाइप नाही, कोळसा-मीठ तर सोडाच. इतकी वर्षं इमारतीतल्या प्रत्येक थ्री पिनची तिसरी पिन या टोकाला जोडलेली होती.

नवीन खड्डा. वर काळी माती, मग मुरूम, पहार टणाटण उडते. तीन मीटर खाली जायचं म्हणजे दोन गडी दिवसभर. जीआय पाइप, भोवती बेंटोनाइटचं कंपाउंड, वर पाणी घालायला फनेल आणि झाकणाचा चेंबर. एकाच खड्ड्यावर भागलं असतं, दोन केले आणि एकमेकांना जोडले. टेस्टरवर पाच ओहमच्या आत आलं.

1 मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, कामगार दिन. वसईचा साडू कॅथलिक आहे, त्याचा सकाळी फोन, आज आमच्याकडं कामगार संत योसेफाचा सण. पोपनी 1955 मध्ये मुद्दाम 1 मेला ठेवला. आम्हा प्रोटेस्टंटांत संतांचे सण नाहीत, पण सुताराचा असला तर मला चालेल असं सांगितलं.

हिशोबाला बसलो. काका म्हणाले देवाचं काम आहे, थोडं सेवा म्हणून धरा. धरतो म्हटलं, माझ्या मजुरीतले इतके, वेगळी ओळ टाका, देणगी म्हणून पावती द्या. हेल्परच्या आणि खड्डेवाल्यांच्या मजुरीतून एक रुपया नाही. ते म्हणाले त्यांचंही पुढच्या महिन्यात एकत्र देऊ की. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, सूर्य मावळायच्या आत, कारण त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. काका मंडळीचे पंच आहेत, वचन त्यांना माझ्यापेक्षा पाठ. चष्मा काढून पुसला आणि चेकबुक काढलं. त्यांच्याबद्दल मी वर बरंच काय काय लिहिलंय, तर हेही लिहायला हवं की चेक त्यांनी स्वतःच्या खात्याचा दिला, ट्रस्टची मीटिंग दहा तारखेला होती म्हणून.

28 मे, बुधवार

पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय. काल जोराचा झाला, नगर तालुक्यात कुठं कुठं पाणी शिरलं. मुली नाहीत, होस्टेल रिकामं, मावशींचा रात्री फोन की कौलातून ऑफिसात पाणी येतंय, मेन बंद करू का. करा म्हटलं, सकाळी आलो.

दोन कौलं सरकलेली. पाणी माळ्यावरच्या पाइपवरून ओघळून खाली आलेलं. बॉक्स उघडले, आत कोरडे, पाइपची तोंडं सील केलेली होती. तरी मेगर लावला, एक मेगाओमच्या खाली नको असतं, काटा कितीतरी वर. स्लॅबच्या विंगमध्ये एक भिंत ओली आहे, तिथल्या प्लगचं सर्किट बंद ठेवलं, सुकल्यावर परत मोजणार. मेन चालू करून दिला.

हेल्पर माझ्या आधी येऊन एकटाच एकेका डीबीचे स्क्रू परत आवळत होता, मी सांगितलं नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी तांबं बसतं आणि स्क्रू ढिला होतो हे त्याला मागं कधीतरी सांगितलं होतं तेवढंच. त्याला वायरमन परवान्याच्या परीक्षेला बसवायचंय, फॉर्मची फी मी भरतो, अभ्यास त्याने करायचा.

राहिलेलं : कौलं (गवंडी शुक्रवारी), ओल्या भिंतीचं रीडिंग, चेंबरचं झाकण रंगवणं, डीबीच्या दाराला आतून सर्किटचा नकाशा चिकटवणं, मोठ्या अक्षरात, म्हणजे पुढच्या वायरमनला शोधत बसायला नको. बंबाच्या जागी सोलरचं बोलणं काकांकडं काढलंय, ते म्हणाले बघू.